लंडनहून ७८ आरपीएमची जुनी रेकॉर्ड मागवली तर कस्टम्स किती?

बडोदेकर: दांडिया बाजारला राहतो. फैयाज खाँसाहेबांची एक ७८ सापडलीय, विक्रेता लंडनचा. आपल्या बडोदे दरबारचे गवई आणि तबकडी तिकडे, म्हणून घ्यायचीच आहे. रेकॉर्ड ४० पौंड, पोस्टेज २५. कस्टम्स नुसत्या ४० वर लागतं का? तो म्हणतो गिफ्ट लिहून देतो, चालेल?

जुनीतबकडी: नाही हो, पोस्टेज आणि इन्शुरन्स धरून लागतं, म्हणजे ६५ वर मोजा, आधी बेसिक ड्युटी, तिच्यावर सरचार्ज आणि मग सगळ्याच्या बेरजेवर आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी), त्यामुळे आकडा फुगतो.

शेलॅकप्रेमी: गिफ्ट अजिबात लिहू देऊ नका!! गिफ्टवरची ५००० रुपयांपर्यंतची सूट डिसेंबर २०१९ मध्येच गेली, राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून. आणि किंमत कमी दाखवली नि वाटेत फुटली तर भरपाईही तेवढीच मिळणार. शेलॅक म्हणजे ठिसूळ लाखेची आहे, व्हायनल म्हणजे प्लास्टिकची नाही, दोन्ही बाजूंनी जाड पुठ्ठा घालायला सांगाच.

सयाजीगंज: कुरियरवाले केवायसी मागतात, क्लिअरन्सची फी वेगळी लावतात. पोस्टाने वेळ लागतो पण ड्युटी पार्सल घेताना भरायची, एका रेकॉर्डसाठी मला तेच बरं वाटतं.

बडोदेकर: मग पोस्टानेच, आणि खरी किंमत लिहून. आजच कळवतो त्याला.