वाचनालयातल्या संगणकांवर कोणता ब्राउझर ठेवावा? मदत हवी आहे

ग्रंथघर:

नमस्कार. एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. अभ्यासिकेला लागून एक खोली आहे, तिथे पाच संगणक आहेत. सकाळी पोलीस भरतीची, एमपीएससीची पोरं अर्ज भरायला, हॉलतिकीट काढायला येतात. दुपारी निवृत्त मंडळी पेन्शनचं, बँकेचं बघतात. बऱ्याच जणांच्या घरी संगणक नाही आणि फोनवर फॉर्म भरताना फोटो-सहीच्या फायलीचा आकार काही केल्या बसत नाही, त्यामुळे आमच्या खोलीत खुर्ची रिकामी नसते.

पंधरा दिवसांपूर्वी एक मुलगी तीन नंबरच्या मशीनवर जुन्या प्रश्नपत्रिका शोधत होती. एका साइटवर पडदाभर पान आलं. वर क्रोमचं चिन्ह, खाली "तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, अपडेट करा" आणि निळं बटण. तिने मला हाक मारून विचारलं. मी काउंटरवर पुस्तकं जमा करून घेत होते, तिथूनच म्हटलं, "कर अपडेट." कारण या मशीनवर क्रोम उघडला की वरच्या पट्टीत तसलाच निरोप रोज येतो, पुढचे अपडेट हवे असतील तर विंडोज १० लागेल म्हणून. तिने बटण दाबलं, झिप फाइल उतरली, तिने ती उघडली, आतल्या फायलीवर क्लिक केलं. एक काळी खिडकी क्षणभर चमकली आणि गेली. पुढे काहीच झालं नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्या ईमेलचा पासवर्ड बदललेला. त्याच मशीनवर पासवर्ड सेव्ह करून ठेवलेल्या आणखी दोघांचंही तेच. पैसे कुणाचे गेले नाहीत, पण तिचं हॉलतिकीट त्याच ईमेलवर यायचं होतं. खातं परत मिळेपर्यंत चार दिवस ती रोज येऊन माझ्या टेबलाशी उभी राहायची. "कर अपडेट" मी म्हटलं होतं, हे मला विसरता येत नाही.

तीन मशीनवर विंडोज ७ आहे, ४ जीबी रॅम. दोनवर विंडोज १०, पण ती ११ ला चालत नाहीत असं दाखवतात. सगळीकडे क्रोम. शिवाय कॅमेऱ्यांचा डीव्हीआर (चित्रण साठवणारी पेटी) फक्त इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये उघडतो, म्हणून माझ्या मशीनवर तोही ठेवलेला आहे. गावातला दुरुस्तीवाला म्हणतो अँटीव्हायरस घ्या, बाकी काही लागत नाही. रविवारी कार्यकारिणीची बैठक आहे, पाच हजारांपर्यंत मंजूर होतील. क्रोम काढून फायरफॉक्स किंवा ब्रेव्ह टाकला तर पुरेल का? जाणकारांनी कृपया सांगावं.

जुना_मेकॅनिक:

ताई, आधी तीन नंबरच्या मशीनची नेटची वायर काढा. आत्ताच. मग बाकीचं.

त्या काळ्या खिडकीत बहुतेक पासवर्ड चोरणारा प्रोग्राम चालला. असले प्रोग्राम ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड तर नेतातच, कुकीही नेतात, म्हणजे तुम्ही आधीच लॉगिन केलंय हे साइटला सांगणारी खूण. कुकी गेली की पासवर्ड न टाकताच तुमच्या खात्यात शिरता येतं. म्हणून त्या तिघांनी नुसता पासवर्ड बदलून भागणार नाही. दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून किंवा फोनवरून पासवर्ड बदलायचा, खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन "सर्व उपकरणांवरून साइन आउट" करायचं, आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू करायची. रिकव्हरीचा फोन नंबर कुणी बदललाय का तेही बघा. त्या मशीनवर बँक उघडलेल्या प्रत्येकाला निरोप द्या, फक्त तिघांना नाही. पैशाचं काही आढळलं तर १९३० वर लगेच फोन. मशीन पूर्ण फॉरमॅट करा. अँटीव्हायरसने साफ केलं यावर विसंबू नका.

दोष स्वतःकडे घेऊ नका असं मी म्हणणार नाही, तुम्ही ते घेणारच. पण त्या मशीनने रोज खरा निरोप दाखवून सगळ्यांना खोट्याची सवय लावून ठेवली होती, हेही तितकंच खरं.

कोकणकडा:

ब्राउझरचं नाव बदलण्याआधी एक समजून घ्या. विंडोज ७ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९, जानेवारी २०२३ मधली. ब्रेव्ह, एज, ऑपेरा, व्हिवाल्डी हे सगळे क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्याच खुल्या कोडवर उभे आहेत, त्यामुळे विंडोज ७ वर ब्रेव्हची नवी आवृत्तीही चालणार नाही. खुद्द विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० ला राम राम केला.

जुना ब्राउझर नुसता जुना नसतो. नव्या आवृत्तीत काय दुरुस्त केलं ते जाहीर होतं, कोडही खुला असतो. म्हणजे सुरक्षेतलं भोक कुठे आहे हे जगाला कळतं आणि तुमचं भोक मात्र बुजत नाही. सप्टेंबर २०२३ चं उदाहरण घ्या. वेबपी प्रकारची चित्रं उघडणाऱ्या एका सॉफ्टवेअर लायब्ररीत (तयार कोडच्या संचात) त्रुटी सापडली, ॲपलच्या सुरक्षा विभागाने आणि टोरांटोच्या सिटिझन लॅब या संशोधन गटाने कळवलेली. बटण दाबायचं नाही, फाइल उतरवायची नाही, तयार केलेलं चित्र पानावर आलं की हल्लेखोराला वाट मिळते. क्रोम, फायरफॉक्स, एज सगळे तीच लायब्ररी वापरत होते, सगळ्यांना घाईने पॅच, म्हणजे दुरुस्तीचे अपडेट, काढावे लागले.

फायरफॉक्स यातून सुटलेला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच्या ॲनिमेशनच्या कोडमध्ये भोक निघालं, त्यातून हल्लेही चालू होते. ईसेट या सुरक्षा कंपनीच्या लोकांनी कळवल्यावर फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने २५ तासांत दुरुस्ती बाहेर काढली. मी ब्राउझर निवडताना हेच बघतो. भोकं प्रत्येकात निघणार, दुरुस्ती किती तासांत येते आणि ती *माझ्या* मशीनपर्यंत पोचते का, एवढं विचारायचं. क्रोम तर ऑगस्ट २०२३ पासून दर आठवड्याला सुरक्षेचे अपडेट देतो, पण तुमच्या तीन मशीनच्या दारात ते येतच नाहीत.

विंडोज ७ वर आजच्या आज काही हवंच असेल तर फायरफॉक्सची ११५ ईएसआर, म्हणजे लांब मुदतीच्या पाठिंब्याची आवृत्ती. जुन्या विंडोजसाठी मोझिलाने तिची मुदत पुन्हा पुन्हा वाढवली. पण हा टेकू आहे, छप्पर नाही.

रानपाखरू:

मी ब्रेव्हच्या बाजूने आहे, जाहिराती आपोआप अडतात. विंडोज १० च्या दोन मशीनवर टाका.

कोकणकडा:

@रानपाखरू, विंडोज १० वर चालेल, हरकत नाही. पण पोरांना सरकारी फॉर्म भरायचे आहेत. फॉर्म अडला की ती शील्ड (ब्रेव्हची जाहिराती अडवणारी सोय) बंद करतात आणि मग बंदच राहते. मी तिथे एज किंवा क्रोम ठेवीन.

ग्रंथघर:

वायर काढली. सगळ्यांना फोन करते आहे, वहीत नावं आहेत म्हणून बरं. एक शंका. त्या मुलीच्या बाबतीत ब्राउझरचं भोक वापरलं गेलंच नाही ना? तिने स्वतः फाइल उघडली. मग नवा ब्राउझर असता तरी हे झालंच असतं?

जुना_मेकॅनिक:

बरोबर पकडलंत. हो, झालं असतं, किंवा कदाचित नव्या क्रोमने फाइल धोक्याची म्हणून अडवली असती. कदाचितच. म्हणून दोन वेगळी कामं आहेत. एक, भोकं बुजलेली हवीत. दोन, माणसाने फसून फाइल उघडली तरी नुकसान होऊ नये. दुसऱ्यासाठी ब्राउझरच्या खालचं बदलावं लागेल.

तिन्ही विंडोज ७ मशीनवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी प्रणाली टाका, तिची हलकी एक्सएफसीई आवृत्ती. ४ जीबीत आरामात चालते, फुकट आहे. पाच हजार वाचले तर एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कऐवजी बसणारी वेगवान डिस्क) घ्या, मशीन पळायला लागेल. फायरफॉक्स त्यातच येतो आणि बाकीच्या अपडेटबरोबर अपडेट होतो. विंडोजसाठी बनवलेली ती फाइल तिथे उतरेल आणि नुसती पडून राहील.

वाचनालयासाठी खरी सोय पुढे आहे. मिंटमध्ये "लॉगिन विंडो" नावाची सेटिंग आहे, तिथे पाहुण्याचं सत्र चालू करता येतं. पाहुणा म्हणून आत गेलं, काम केलं, बाहेर पडलं की त्या सत्रातलं सगळं पुसलं जातं. सेव्ह केलेले पासवर्ड, उतरवलेलं आधार कार्ड, कुकी, काही उरत नाही. सायबर कॅफेत लोकांची आधारची पीडीएफ डाउनलोडमध्ये ढिगाने पडलेली मी पाहिली आहेत. फक्त बाहेर पडायला हवं, नुसती खिडकी बंद करून उपयोग नाही. तसा कागद प्रत्येक पडद्याशेजारी चिकटवा.

निळासावळा:

मिंटला माझंही मत. मराठी टंकलेखनाला इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो, अडचण नाही. पण श्रीलिपी या जुन्या मराठी सॉफ्टवेअरमधल्या फायली किंवा डिजिटल सहीचा डोंगल असेल तर एक विंडोज मशीन राहू द्या.

त्या विंडोज १० च्या दोघांबद्दल: मुख्य पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सेटिंगमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी दिसते, ती केली की १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत पॅच मिळतात. एजला मात्र विंडोज १० वर किमान ऑक्टोबर २०२८ पर्यंत अपडेट देऊ असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं आहे. म्हणून तिथे एज. आणि लोकांना वापरायला साधं खातं द्या, ॲडमिनचा पासवर्ड तुमच्याकडेच.

आता डीव्हीआर. सगळ्या धाग्यात मला भीती वाटते ती याची. इंटरनेट एक्स्प्लोररबद्दल एप्रिल २०१४ मध्येच, ६ पासून ११ पर्यंतच्या सगळ्या आवृत्त्यांत भोक सापडलं तेव्हा, अमेरिकेच्या सरकारी सायबर यंत्रणेने दुसरा ब्राउझर वापरण्याचा विचार करा असं सांगितलं होतं. त्याच महिन्यात एक्सपीचा पाठिंबा संपला होता, तरी मायक्रोसॉफ्टला एक्सपीसाठीही पॅच काढावा लागला. १५ जून २०२२ ला विंडोज १० वरून एक्स्प्लोरर निवृत्त झाला. तरी सुटका नाही. जुलै २०२४ मध्ये दुरुस्त झालेल्या एका प्रकारात पीडीएफसारखी दिसणारी शॉर्टकट फाइल पाठवत. ती उघडली की निजलेला एक्स्प्लोरर जागा व्हायचा आणि हल्ला त्याच्यातून व्हायचा.

एजमधला "आयई मोड" (जुन्या साइट इंटरनेट एक्स्प्लोररच्या इंजिनावर उघडण्याची सोय) हा उपाय तुम्हाला कुणीतरी सुचवेल. ऑगस्ट २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टला कळलं की हल्लेखोर लोकांना खोट्या साइटवर नेऊन "हे पान आयई मोडमध्ये उघडा" म्हणून गळ घालतात आणि जुन्या इंजिनातल्या भोकातून शिरतात. मग त्यांनी त्या मोडची सोपी बटणं काढून टाकली. आता घरगुती वापरात सेटिंगमध्ये जाऊन एकेक पत्ता स्वतः लिहावा लागतो, तोही ३० दिवसांपुरता. डीव्हीआरचा घरातलाच, १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता तेवढा तिथे लिहा, दुसरं काही नाही. त्याहून बरं म्हणजे डीव्हीआरच्या मागे बघा, एचडीएमआय किंवा व्हीजीएचं भोक असेल. जुना मॉनिटर आणि माऊस थेट जोडा, ब्राउझरची गरजच संपली.

रानपाखरू:

फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन टाकायला विसरू नका. खोटी अपडेटची पानं पुष्कळदा जाहिरातींतूनच येतात. क्रोमने नव्या नियमांमुळे ते एक्स्टेन्शन बंद केलं, तिथे त्याची लाइट आवृत्तीच चालते. एवढं एक सोडून बाकी एक्स्टेन्शन टाकू नका. चांगल्या एक्स्टेन्शनचंही खातं चोरून वाईट अपडेट ढकलल्याची उदाहरणं आहेत, २०२४ च्या नाताळात सायबरहेवन या सुरक्षा कंपनीच्याच एक्स्टेन्शनचं तसं झालं.

ग्रंथघर:

उशिरा लिहिते आहे, माफ करा. बैठकीत एसएसडीचे पैसे मंजूर झाले. एका सभासदांचं म्हणणं होतं की लोकांना विंडोजचीच सवय आहे, कुणी वापरणार नाही. त्यांना तीन नंबरवर बसवलं, फायरफॉक्स उघडून दिला, त्यांनी स्वतःचं पेन्शनचं पान पाहिलं आणि "हे तर तसंच आहे" म्हणाले. अँटीव्हायरसचा विषय तिथेच संपला.

मिंट बैठकीच्या आदल्या दिवशी, शनिवारीच कॉलेजच्या दोन मुलांनी टाकून दिला होता. विंडोज १० च्या मशीनवर साधी खाती आणि एज. डीव्हीआरच्या मागे खरोखरच व्हीजीएचं भोक निघालं, इतकी वर्षं मी बघितलंच नव्हतं. माळ्यावरचा मॉनिटर जोडला.

ती मुलगी सोमवारी आली. हॉलतिकीट वेळेत मिळालं होतं, परीक्षाही झाली. पाहुणा म्हणून आत जाऊन तिने दुसऱ्या पदाचा अर्ज भरला, फोटो, सही, जातीचा दाखला सगळं पेनड्राइव्हवरून घेतलं. बाहेर पडताना म्हणाली, "मॅडम, खरंच काही राहत नाही ना?" मी तिच्यासमोर पुन्हा पाहुणा म्हणून आत गेले आणि डाउनलोडचा फोल्डर उघडून दाखवला. रिकामा होता. तिने पिक्चर्सचाही उघडायला लावला.

आता एकच अडलंय. आमचा जुना लेझर प्रिंटर माझ्या खात्यातून चालतो, पाहुण्याच्या सत्रात यादीत दिसतो पण प्रिंट निघत नाही. हॉलतिकिटाच्या दिवसांत हे जमायलाच हवं.

जुना_मेकॅनिक:

प्रिंटरचं मॉडेल आणि तो यूएसबीवर आहे की नेटवर्कवर, एवढं लिहा. दरम्यान पीडीएफ पेनड्राइव्हवर घेऊन तुमच्या मशीनवरून प्रिंट काढा, पण पेनड्राइव्हवरची दुसरी कुठलीही फाइल उघडू नका. रात्री नऊनंतर मी इथे असतो.