मदत हवी आहे : संत्र्याच्या पिकअपला फोर व्हील ड्राइव्ह घ्यावी का?

मंडळी, काटोलकडच्या बागेतून नागपूरच्या कळमना मार्केटला संत्री आणायला पिकअप घ्यायची आहे. एका खेपेला २० किलोचे ५०-६० कॅरेट, म्हणजे १ ते १.२ टन. रस्ता सगळा डांबरी, फक्त शेवटची दीड किलोमीटर काळ्या मातीची पांदण. मृग बहाराची (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची) तोड फेब्रुवारी-मार्चमध्ये, तेव्हा पांदण कोरडी खडखडीत असते. प्रश्न आंबिया बहाराचा (हिवाळ्याच्या शेवटच्या फुलोऱ्याचा), कारण त्याच्या तोडीच्या वेळी ऑक्टोबरात परतीचा पाऊस पडला की चिखल होतो.

भरलेल्या गाडीत मागच्या चाकांवर वजन असल्याने पकड मिळते. फसते ती बागेत जाणारी रिकामी गाडी. मागचा भाग हलका, त्यात साधा डिफरेन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर), त्यामुळे एक चाक जागेवर फिरत राहतं. मागच्या अ‍ॅक्सलवर १५०-२०० किलो वाळूची पोती बांधून, मड टायर लावून आणि पांदणीपुरती हवा २०-२२ पीएसआयवर आणून (डांबरावर येताच परत भरून) काम भागेल का? काळी माती टायरच्या खाचांत भरली की चारही चाकं घसरतातच, म्हणून चारही चाकांना ताकद देणाऱ्या फोर व्हील ड्राइव्हपेक्षा मागच्या डिफरेन्शियल लॉकचा (मागची दोन्ही चाकं एकत्रच फिरवणाऱ्या सोयीचा) उपयोग जास्त, असं मला वाटतं. बरोबर आहे का?

बोलेरो कॅम्परची फोर व्हील गाडी वापरणाऱ्यांनी नक्की सांगा : मायलेज किती कमी पडतं? ट्रान्सफर केसचं (पुढच्या चाकांनाही ताकद पोचवणाऱ्या गिअरच्या पेटीचं) ऑइल किती किलोमीटरला बदलता? कोरड्या डांबरावर फोर व्हील चुकून चालू राहिल्याने वळणावर गाडी जखडली, गिअरचं नुकसान झालं, असं कुणाचं झालंय का?