अनुभव धागा : लिहिता लिहिता आपला सूर कधी लागला?

रोज थोडंफार लिहिणारे इथे बरेच आहेत. त्यातल्या काहींना मी मुद्दाम विचारलं: तुमचं लिखाण तुमचं वाटायला कधी लागलं, आणि रोजच्या सरावाचा त्यात खरोखर हात किती? अट एकच, सल्ले नकोत, घडलेलं सांगा. 'मनापासून लिहा' या वाक्याचा आजवर कोणाला उपयोग झालेला मी पाहिलेला नाही. ज्यांना विचारलं नाही त्यांनीही जरूर भर घाला.

आवकजावक (सातारा)
जिल्हा परिषदेत आयुष्य गेले. तिथे वाक्याचे साचे ठरलेले: कळविण्यात येते, मंजुरी देण्यात येत आहे, कार्यवाही करण्यात आली. सरकारी कामकाज मराठीत करण्याचा राजभाषा अधिनियम १९६४चा. मी नोकरीला लागलो तोवर हे मराठी चांगले मुरलेले होते. त्याची थट्टा मला आवडत नाही. टिप्पणीवर सही करणारा उद्या बदलून जातो, फाईल राहते. म्हणून वाक्यातून माणूस काढावा लागतो. कामापुरते ते योग्यच आहे.

निवृत्तीनंतर रोज सकाळी एक पान लिहायला घेतले. वडिलांवर लिहिले: 'दुपारी त्यांचे निधन झाले. सायंकाळी संगम माहुली येथे अंत्यविधी करण्यात आला.' मुलीने वाचले आणि विचारले, "बाबा, कोणी केला?"
म्हटले, "कोणी म्हणजे? मीच."
"मग तसं लिहा ना."

'मी अग्नी दिला' एवढे तीन शब्द लिहायचे होते. कित्येक सकाळी तिथेच अडलो. कारण ते लिहिले की पुढचेही लिहावे लागणार: धाकटा भाऊ आला नव्हता, का आला नव्हता, आणि खांद्यावर मडके असताना माझे लक्ष घाटाच्या पायऱ्यांकडेच कसे होते. 'करण्यात आला' या दोन शब्दांखाली हे सगळे झाकलेले होते. आता पान झाले की लाल पेनाने अशा जागांखाली रेघ मारतो आणि तिथे कर्ता बसवतो. कर्ता सापडला नाही तर वाक्य काढतो. 'असे केले' की 'असं केलं' या वादात मी पडत नाही. मला 'असे'च येते, आणि मुलगी म्हणते की तुमच्या तोंडी तेच शोभते.

नाईटड्युटी
मी नर्स आहे. आमचं लिखाण म्हणजे केसपेपर, चार्ट आणि हँडओव्हर, म्हणजे पाळी बदलताना पुढच्या नर्ससाठीची नोंद. बेड चार, ड्रेसिंग झालं, ताप उतरला, नातेवाईक कोणी नाही. पहाटे उठून शांतपणे लिहा वगैरे मला शक्यच नाही, पहाटे मी सलाईन बदलत असते. बसमध्ये मोबाइलवर लिहिते. चार्टमध्ये जे लिहायची सोय नाही तेवढंच. सुरुवातीला त्यात चंद्र-बिंद्र यायचा. उभ्यानं लिहायचं म्हटल्यावर तो गळाला. आता माझी वाक्यं हँडओव्हरसारखीच तुटक असतात. एक मैत्रीण म्हणाली, कोरडं लिहितेस. म्हटलं, असू दे.

धागाकर्ता
नाईटड्युटी, 'नातेवाईक कोणी नाही' यावर मी बराच वेळ थांबलो. चंद्र परत आणू नका.

वावर (अकोला जिल्हा)
माझा अनुभव जरा वाकडा आहे. मी शेती करतो, बारावीपर्यंत शिकलो, वाचन बरं. पहिली काही वर्षं मी पुस्तकी मराठीत लिहायचो. वाचणारा पुण्यात बसला आहे असं धरूनच. पऱ्हाटीला 'कपाशीचे पीक' म्हणायचो आणि डवरणीला 'आंतरमशागत'. कृषी खात्याचं पत्रक वाटायचं ते.

मग २०१७ साली गुलाबी बोंडअळी आली. बाहेरून बोंड चांगलं दिसे, फोडलं की आत अळी. उभ्या पिकात रोटाव्हेटर फिरवलेले लोक आमच्याकडं होते. शेजारच्या काकाले मी विचारलं, "काऊन, पऱ्हाटी उपटाले लागले?" ते म्हणाले, "उपटू नोको त काय पूजा करू?" हे 'कपाशीचे पीक'वाल्या भाषेत लिहून पाहिलं. ओळ मेलीच. म्हणून सगळंच वऱ्हाडीत लिहू लागलो.

इथवर कोणीही सांगेल. पुढचं कोणी सांगत नाही. वऱ्हाडीत लिहिलं की लोक म्हणायचे, "किती गोड भाषा!" मी कर्जाचं लिहिलं, तरी गोड. फवारणीतल्या विषबाधेचं लिहिलं, तरी गोड. त्यांना ती जिभेच्या चवीची फोडणी वाटत होती. त्याचा मला राग येतो, अजून येतो. मग रोज लिहिता लिहिता हळूहळू एक बसलं: सांगणं साध्या मराठीत, बोलणं वऱ्हाडीत, आणि वावरातल्या वस्तूला वावरातलंच नाव. डवरणी कळली नाही तर वाचणाऱ्यानं विचारावं. मीही 'ब्रंच' विचारूनच शिकलो.

दोन घड्याळं (आइंडहोव्हन, नेदरलँड्स)
आईला मी रोज व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज पाठवते. एकदा कुतूहल म्हणून आधीचे काही मेसेज शब्दन् शब्द उतरवून काढले आणि शेजारी माझे लेख ठेवले. लेखांत 'मात्र', 'एकूणच', 'खऱ्या अर्थाने' यांची रेलचेल. बोलण्यात यातला एकही शब्द नाही. बोलताना मी 'म्हणजे बघ' म्हणते, मध्येच विषय सोडते आणि महत्त्वाची गोष्ट शेवटी, फोन ठेवता ठेवता सांगते. ('बरं, आणि मी नोकरी सोडली.')

आता आधी बोलते, मग उतरवते, मग कापते. कापणं जास्त मेहनतीचं. बोलणं जसंच्या तसं कागदावर आलं तर तो नुसता पाल्हाळ होतो, ते आई ऐकून घेते, वाचणारा कशाला घेईल? पण महत्त्वाचं जाता जाता सांगायची खोड मी ठेवली आहे.

सदरवाला
सगळे सरावाचं कौतुक करणार, म्हणून मी दुसरी बाजू मांडतो. एका दैनिकात बरीच वर्षं सदर लिहिलं. हात बसला, शब्दसंख्या न मोजता जमायची. मग एका वाचकानं भेटून सांगितलं की तुमचा शेवटचा परिच्छेद मी आधीच ओळखतो. खरं होतं. शेवटी आजी यायची, नाहीतर पाऊस, आणि तीन टिंबं. रोज लिहून सूर सापडतो तशी लकबही सापडते, आणि ती जास्त लवकर सापडते कारण तिला टाळ्या पडतात. मी वर्षभर काहीच छापायला दिलं नाही. त्या काळात फक्त घराचा हिशेब आणि कोणाशी काय बोलणं झालं याची नोंद लिहिली. टिंबं गेली. आजी अजून मधूनमधून येते.

बोरू
मोडी शिकलो तेव्हा सरावासाठी जुनी पत्रं रोज उतरवून काढायचो. दुसऱ्याचं वाक्य हातानं लिहिताना त्याचा श्वास कुठे तुटतो ते कळतं, नुसतं वाचून कळत नाही. आणखी एक करून पाहण्यासारखं आहे. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' १८५७च्या धामधुमीतला, लिहिला १८८३ साली. चिंतामणराव वैद्यांनी १९०७मध्ये तो प्रसिद्ध केला, पण भाषेत आणि मजकुरात फेरफार करून. मूळ हस्तलिखितावरची आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी काढली ती १९६६मध्ये. दोन्ही शेजारी ठेवून एखादा प्रसंग वाचा. वैद्यांची प्रत नीटनेटकी आहे. पण मुंज-लग्नं लावणारा, दानदक्षिणेच्या आशेनं उत्तरेकडे निघालेला आणि भलत्याच गदारोळात सापडलेला भिक्षुक मला मूळ प्रतीतच जास्त भेटला. तेव्हापासून मी माझा पहिला खर्डा फाडत नाही.

सदरवाला
वैद्यांच्या बाजूनेही बोला की. त्यांनी छापलं नसतं तर भटजी कोणाला कळले असते?

बोरू
मान्य. म्हणूनच दोन्ही ठेवा म्हटलं.

अभ्यासिका (पुणे)
मला कोणी बोलावलं नव्हतं, तरी लिहिते. मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते. रोज उत्तरलेखन असतं: प्रस्तावना, मुद्दे, समारोप, शब्दमर्यादा. सर म्हणतात, परीक्षकाला तुम्ही दिसता कामा नये. रात्री रूमवर आल्यावर वहीत मेसच्या काकूंबद्दल, घरी खोटे सांगितलेल्या मार्कांबद्दल लिहिते, तर तिथेही दुसऱ्याच पानावर 'समारोप' येतो. परवा काकूंवर लिहिताना 'एकंदरीत पाहता' असं लिहून बसले. आवकजावक काका, तुम्ही ऑफिस सुटल्यावर सुरू केलंत. माझी परीक्षा व्हायची आहे, आणि हे दोन्ही मला एकाच दिवसात करायचंय. असं कोणी केलंय का?

नाईटड्युटी
मी करते. चार्ट निळ्या पेननं, बाकी सगळं मोबाइलवर. वही बदल, जागा बदल, निदान पेन तरी बदल. आणि मार्कांबद्दलचं आधी लिही, काकू नंतर.