'दोन दिवस गोळी बंद, मग हवं ते घ्या' म्हणे!

टोकेरी:
काल एका पोस्टीत वाचलं, "डिप्रेशनच्या गोळ्यांचा बाकी औषधांशी काही संबंध नसतो. फारच शंका आली तर दोन दिवस गोळी बंद ठेवा, अंगातून निघून जाते, मग हवं ते घ्या." खाली बदामांचा सडा. दुर्लक्ष करणार होतो, जमलं नाही.

फ्लुऑक्सेटिन हे डिप्रेशनचंच औषध. ते दोन दिवसांत जातं? रोज घेणाऱ्याच्या अंगात त्याचं अर्धायुष्यच (निम्मं औषध उतरायला लागणारा वेळ) ४ ते ६ दिवसांचं. शिवाय लिव्हर त्याचं नॉरफ्लुऑक्सेटिन बनवतं, ते आणखी चिवट, ४ ते १६ दिवस. म्हणून तर ते थांबवल्यावर एमएओआय (डिप्रेशनच्याच जुन्या जातीच्या गोळ्या, फ्लुऑक्सेटिनशी अजिबात न जमणाऱ्या) सुरू करायला किमान ५ आठवडे जाऊ देतात. त्याच जातीचं पॅरोक्सेटिन खरंच लवकर उतरतं, पण मग गरगरणं आणि डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके. सल्ला दोन्हीकडून फसलेला.

'संबंध नसतो' हा तर कहरच. ही दोन्ही औषधं लिव्हरमधलं सीवायपी२डी६ (थोडक्यात २डी६) हे औषधं मोडणारं एन्झाइम जवळपास ठप्प करतात. त्याच एन्झाइमच्या भरवशावर असलेलं मेटोप्रोलॉल (बीपीचं, नाडी मंदावणारं औषध) मग रक्तात साचत जातं. कोडीन या पेनकिलरचं उलट. त्याचं मॉर्फिन तिथेच व्हायचं असतं, ते होत नाही आणि माणूस कण्हत बसतो.

निवांत७:
ती पोस्ट माझी. नाव घ्यायचं होतं की सरळ! ९ वर्षं सर्ट्रालिनवर आहे. अँटिबायोटिक, पेनकिलर, सर्दीचं सिरप, सगळं घेतलं, ठणठणीत आहे. तुमची एन्झाइमपुराणं वाचून लोक गोळ्या फेकून देतात. माझ्या मित्राने फेकल्या होत्या. पुढचे सहा महिने त्याच्या घरच्यांनी कसे काढले ते मी पाहिलंय.

टोकेरी:
मित्राचं वाचून खरंच वाईट वाटलं. पण गोळी बंद ठेवायचा सल्ला माझ्या धाग्यात आहे की तुमच्या पोस्टीत? आणि सर्ट्रालिन नेहमीच्या डोसला २डी६च्या फारसं वाटेला जात नाही. तुम्ही ठणठणीत आहात याचं श्रेय त्या गोळीच्या गरीब स्वभावाला द्या.

जास्वंद:
मेटोप्रोलॉलचं नाव वाचलं आणि राहवेना. आई कित्येक वर्षं ते घेत होती. दुसऱ्या डॉक्टरांनी पॅरोक्सेटिन सुरू केलं. तिसऱ्या आठवड्यात बाथरूममध्ये कोसळली. नाडी ४२. "वय झालं आता" हे दोघांकडून ऐकलं. तिसऱ्याने दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या आणि दोन मिनिटांत सांगितलं. एकाची चिठ्ठी दुसरा बघत नाही, हा माझा खरा राग आहे. एन्झाइमं बिचारी काय करणार?

डीएनए_दादा:
एवढ्या चर्चेची गरजच नाही. जीन टेस्ट करा, विषय संपला. २डी६, २सी१९ ही एन्झाइमं आपल्यात कशी चालतात ते एकदा कळलं की आयुष्यभराची चिंता मिटली.

टोकेरी:
आलात? वाटच बघत होतो. जास्वंदताईंच्या आईंची टेस्ट केली असती आणि 'नॉर्मल' आली असती तरी नाडी ४२च झाली असती. जीन उत्तम, पण पॅरोक्सेटिनने एन्झाइमच बसवून टाकलं! कागदावर नॉर्मल, प्रत्यक्षात जन्मजात मंद असल्यासारखं. यालाच फिनोकन्व्हर्जन म्हणतात. तुमच्या 'आयुष्यभराच्या' रिपोर्टात शेजारची गोळी कुठे लिहिलेली असते?

डीएनए_दादा:
टोमणे आवरा. तीन वर्षं मी एस्सिटालोप्रामवर मळमळ आणि थरथर काढली. "सवय होईल" एवढंच ऐकलं. शेवटी टेस्ट केली, २सी१९ मंद निघालं, डोस निम्मा केला, पंधरा दिवसांत माणसात आलो. ज्याचं जळतं त्याला कळतं.

स्थितप्रज्ञ (अधूनमधून):
अवांतर. सिगरेट सोडणाऱ्यांचं कुणी बोलतच नाही. धुरामुळे १ए२ हे लिव्हरमधलं आणखी एक एन्झाइम जोरात चालतं, त्यामुळे ओढणाऱ्यांच्या रक्तात ड्युलोक्सेटिन (तीही डिप्रेशनचीच गोळी) साधारण एक तृतीयांश कमी सापडतं. सोडली की पातळी वर. निकोटिनच्या पट्टीने हे होत नाही, खेळ धुराचा आहे. माझा भाऊ हे वाचून म्हणाला, "बघ, सोडू नये!" हात जोडले.

टोकेरी:
भावाला दंडवत.
दादा, २सी१९चं मान्य. घशाखाली उतरत नाहीये, पण मान्य. सिटालोप्रामला (तुमच्या एस्सिटालोप्रामचं भावंड) एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामकाने, मंद २सी१९वाल्यांसाठी २० मिग्रॅची मर्यादा घातलेली आहेच. मात्र त्याच वाक्यात सिमेटिडिन ही ॲसिडिटीची गोळी घेणारेही आहेत, म्हणजे जीन चांगलं असूनही ज्यांचं एन्झाइम अडवलं गेलंय ते. आणि 'कुठली गोळी लागू पडेल ते जीन सांगेल' अशा जाहिरातींबद्दल २०१८मध्ये याच एफडीएने सावध केलं होतं. डोस ठरवायला मदत होते, भविष्य कळत नाही.

डीएनए_दादा:
भविष्य मी म्हटलंच नव्हतं. 'चिंता मिटली' म्हटलं होतं. तो शब्द मागे घेतो, खूश?

जास्वंद:
तुमचं भांडण झालं असेल तर एक. मावशीला ब्रेस्ट कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन चालू आहे. तेही २डी६मधून जातं ना?

टोकेरी:
हो, आणि हे गमतीवारी नेण्यासारखं नाही. त्याचं एंडॉक्सिफेन, म्हणजे खरं काम करणारं रूप, मुख्यतः त्याच वाटेने बनतं. प्रत्यक्ष किती नुकसान होतं यावर अभ्यासांचं एकमत नाही, पण पॅरोक्सेटिन-फ्लुऑक्सेटिन टाळून व्हेनलाफॅक्सिनसारखी २डी६ला फारशी न अडवणारी गोळी देतात. मावशी यातलं काही घेत असतील तर स्वतःहून बंद करू नका. दोन्ही चिठ्ठ्या घेऊन कॅन्सरच्या डॉक्टरांकडे जा.

निवांत७:
पोस्टीतली 'दोन दिवस' ही ओळ काढली. धाग्यामुळे नाही, मित्रामुळे. बाकी पोस्ट आहे तशीच राहील, बदामांसकट.
एक विचारायचं होतं. गुडघ्यासाठी आयबुप्रोफेन घेतो अधूनमधून. सर्ट्रालिनबरोबर चालतं ना?

टोकेरी:
९ वर्षांनी विचारताय! प्लेटलेट्सना रक्त थांबवायला सेरोटोनिन लागतं, ते सर्ट्रालिनमुळे त्यांच्यात शिरत नाही. वर आयबुप्रोफेन पोटाचं अस्तर सोलतं. दोन्ही मिळून पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो. डॉक्टरांना सांगा. शौचाला काळं झालं तर थांबू नका.

निवांत७:
म्हणजे यात लिव्हरचा काही संबंध नाही. मग मी बरोबरच होतो.