मदत हवी आहे: लग्नपत्रिकेत माझ्या नावाआधी 'कै.' छापलंय, लग्नाला जावं का?

नमस्कार मंडळी. वय ७६, जिल्हा परिषदेचा निवृत्त मास्तर. मूळ गाव परभणी जिल्ह्यात, गंगाखेडजवळ गोदाकाठी. सध्या मुक्काम पुण्यात लेकाकडं. इथं रोज वाचतो, लिहितोय पहिल्यांदा.

परवा चुलतभावाच्या नातवानं व्हॉट्सअ‍ॅपवर एक पत्रिका टाकली. माझ्या भाच्याच्या मुलीचं लग्न. यंदा १७ मेपासून अधिक ज्येष्ठ लागतोय, म्हणून सगळ्यांचीच त्याच्या आत उरकायची गडबड. हेही लग्न मेच्या पहिल्या आठवड्यातलं. पत्रिका बोटांनी मोठी करत वाचत गेलो. 'शुभाशीर्वाद' खाली तीन नावं. पहिलं दाजींचं, दुसरं माझ्या अक्काचं, तिसरं माझं. तिन्हींच्या आधी 'कै.'

चष्मा पुसून परत बघितलं. नाव माझंच, वडिलांचं नाव बरोबर, आडनावातला ऱ्हस्व-दीर्घही बरोबर. मास्तराचा जीव, आधी शुद्धलेखनच तपासलं.

दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला देतो. एसटीच्या लेखी तर मी असा हयात आहे की पंचाहत्तरी ओलांडली म्हणून तिकीटही लागत नाही. फक्त सोयऱ्यांच्या लेखी गेलोय.

भाच्यावर राग काढता येत नाही. भांडण नाही, वाटणीचा वाद नाही. मीच कुठं गेलो नाही. आमच्या घरात नात्यागोत्याचं सगळं खातं बायकोकडं होतं. कुणाची पोरगी कुठं दिली, कुणाचा आहेर किती आला, कुणाची साडी परत करायची राहिली, सगळं तिच्या वहीत. मी नुसता टोपी घालून तिच्या मागं जायचो. ती २०२१ च्या एप्रिलात कोरोनात गेली. तेव्हा आम्ही संभाजीनगरला होतो. माणसं यायचा प्रश्नच नव्हता. मग मी पुण्यात आलो, नंबर बदलला, वही तिकडच्या पेटीतच राहिली. पुढच्या वर्षी अक्का गेली, ते मला महिन्यानं कळलं. आता कोणत्या तोंडानं जायचं म्हणून तेव्हाही गेलो नाही.

अक्का धाकटी, पण घरात सगळे अक्काच म्हणायचे. तिचं लग्न १९७३ च्या उन्हाळ्यातलं, बहात्तरच्या दुष्काळात. वऱ्हाड मांडवात बसलेलं आणि आम्ही बैलगाडीत पिंप टाकून दोन कोसांवरून पाणी आणतोय. पंगतीला लाल मिलो ज्वारीची भाकरी. हळदीच्या अंगानं तिनं तिच्यातली अर्धी मोडून माझ्या ताटात टाकली. "तूच खा दादा, मह्या घशाखाली उतरंना." तिच्या नातीचं हे लग्न.

तर विचारायचं असं. आधी फोन करावा की सरळ जावं? सरळ मांडवात उभा राहिलो तर पोरीच्या लग्नात भलताच तमाशा व्हायचा. बरं, निमंत्रणही नाही (मेलेल्याला कोण देणार). आहेर काय न्यावा? भाच्याचा मामा म्हणजे मान मोठा, पण पत्रिकेवर 'आहेर आणू नये' आहे. आणि शरीराचं म्हणाल तर गुडघे गेलेत, दर दीड तासाला लघवीला लागते, परभणीचा मे म्हणजे बेचाळीस-त्रेचाळीस. लेक म्हणतो, "बाबा, ऑनलाइन बघा ना."

दुधना: सर, आधी फोनच. पण भाच्याला नको, त्याच्या बायकोला करा. लग्नघरातला बाप अनोळखी नंबर उचलत नाही, त्याला वाटतं मंडपवाला पैसे मागतोय.

हुरडा_पार्टी: मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणतात. पेढे काढा.

येळवस: काका, 'आहेर आणू नये' हे पाकीटवाल्यांसाठी असतं, मामासाठी नसतं. भाच्याला टोपी-टॉवेल, सुनेला साडी-चोळी, एवढं हातानं द्याच. नवरीची पिवळी तिचा सख्खा मामा आणेल, त्याच्या मानात आपण पाय घालायचा नाही, तुम्ही हिरवी घ्या. रोख द्यायचं असेल तर मांडवात नका देऊ, हळूच भाच्याच्या खिशात घाला. लग्न होतंय न होतंय तोच अधिक महिना, म्हणजे नव्या जावयाला लगेच धोंड्याचं जेवण आणि वाण. भाच्याचं कंबरडं मोडलेलं असणार.

आणि वही आणवून घ्या हो पेटीतून.

बाभूळबन: दोन वर्षांपूर्वी वडिलांना (तेव्हा ८१) असंच नेलं होतं, म्हणून सांगतो. हळदीला जा. लग्नाच्या दिवशी म्हाताऱ्या माणसाशी बोलायला कुणाला वेळ नसतो. पत्रिकेवर १२.३५ असलं तरी आपल्याकडं अक्षता अडीचला पडतात, तोवर डीजे आणि वर पत्रा. माणूस शिजतं. हळदीच्या रात्री लोक बाजांवर बसून बोलतात.

एसटी फुकट आहे म्हणून एसटीनं जाऊ नका. पनवेल–नांदेड गाडी पुण्याहून लातूर, परळी करत गंगाखेडला येते. रात्रीचा प्रवास, ऊन नाही, संडास डब्यातच. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत २०२० पासून बंद आहे, पण तिकीट काढताना वय नीट टाकलं तर खालचा बर्थ मिळायची शक्यता असते. लघवीच्या भीतीनं पाणी तोडू नका, आमच्या वडिलांनी तेच केलं आणि मांडवात चक्कर येऊन पडले.

अजून एक. संडास कमोडचा आहे का हे फोनवर विचारून घ्या. नसेल तर कमोडची घडीची खुर्ची मिळते, ती न्या. वडील आधी "माणसांत इज्जत घालवतो का" म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीसाठी वऱ्हाडातल्या तीन म्हाताऱ्यांचा नंबर लागला होता.

मास्तर (धागाकर्ता): सगळ्यांचे आभार. काल सकाळी फोन केला. सूनबाईनं उचलला. म्हटलं, मी मामा बोलतोय. "कोणते मामा?" नाव सांगितलं. मागं मिक्सर चालू होता, तो बंद झाला. मग बराच वेळ काहीच नाही. मग भाचा आला आणि एवढंच म्हणाला, "मामा, तुम्ही हाव?"

झालं असं की 'संभाजीनगरची मामी गेली' ही बातमी तीन गावं फिरून त्यांच्याकडं 'मामा गेले' म्हणून पोचली. जुना नंबर लागेना, कोरोनाचे दिवस, कुणी यायचं-जायचं नाही, त्यामुळं खरंच वाटलं. भाचा म्हणाला, अक्कानं तुमच्या नावानं आंघोळ केली होती. म्हणजे ती गेली तेव्हा तिच्या लेखी मी आधीच गेलेला. पुढचं मला काही ऐकू आलं नाही, फोन लेकाकडं दिला.

लेक अर्धा तास बोलत होता त्याच्या आतेभावाशी. दोन तिकिटं काढली, दोन्ही हळदीच्या आदल्या रात्रीची. 'ऑनलाइन' हा शब्द परत निघाला नाही.

पत्रिका निम्म्या वाटून झाल्यात. उरलेल्यांवरचा 'कै.' पोरं निळ्या पेनानं खोडायला बसलीत, तसा फोटो आलाय. मी कळवलं की खाडाखोड करू नका, गुळगुळीत कागदावर शाई पसरते, वर पांढरी चिठ्ठी चिकटवून 'श्री.' लिहा. दाजी आणि अक्काच्या नावाला हात लावू नका हेही सांगावं लागलं, एकानं तिन्ही खोडले होते.

येळवसताई, वहीसाठी शेजाऱ्यांना किल्ली द्यायला सांगितलंय. बाभूळबन, ती घडीची खुर्ची साधारण केवढ्याला पडते, आणि रेल्वेत खालच्या बर्थखाली मावते का?