विषय: बाबांना दिलेली १०० नंबरची पुडी

नमस्कार मंडळी,
बाबांचं आतड्याचं ऑपरेशन इथे ओसाकातच झालं. आता जेवणाआधी घ्यायला ‘दाइकेन्चूतो’च्या पुड्या दिल्यात, पाकिटावर १०० नंबर. एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात जडीबुटी? बाबा म्हणतात, जिभेला मुंग्या येतात. पोट साफ होत असेल तर पुण्याला काकांना पाठवू का? त्यांना बद्धकोष्ठता आहे, मधुमेहही.
– नेहा

नेहा,
बाबांना निर्धास्त घेऊ दे. जपानी सर्जन हे नेहमी देतात, विम्यातही बसतं. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर आतडी मंदावतात, वारा सरत नाही, पोट फुगतं, तेव्हा हे उपयोगी पडतं.

जिन्नस चारच: वाफवून वाळवलेलं आलं, जिनसेंग, सान्शो आणि माल्टोज (एक प्रकारची साखर). मुंग्या आणतो तो सान्शो, बांगड्याच्या आमटीत पडणाऱ्या आपल्या तिरफळाच्याच कुळातला. त्यातलं सान्शूल मज्जातंतूंवरची पोटॅशियमची काही दारं बंद करतं, म्हणून ते चटकन चेततात. आल्यातलं शोगाओल तिखटाची जाणीव देणाऱ्या टीआरपीव्ही१ या ग्राहीला (पेशीवरच्या संवेदकाला) जागं करतं. मग आतड्याच्या भिंतीत सेरोटोनिन आणि ॲसिटिलकोलिन ही निरोप पोचवणारी रसायनं सुटतात, स्नायू आवळतात आणि आतलं पुढे सरकतं. शिवाय आतड्याचा रक्तपुरवठा वाढतो. पोट गार पडून दुखतं तेव्हा हे द्यावं, असं जुने वैद्य सांगत. मला त्याचं मर्म इथेच दिसतं. यातलं बरंचसं प्राण्यांवरच्या प्रयोगांतून कळलंय.

माणसांवरचे पुरावे संमिश्र आहेत. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या २०१० च्या अभ्यासात ६० निरोगी लोकांपैकी औषध घेणाऱ्यांचं मोठ्या आतड्याचं सुरुवातीचं टोक लवकर रिकामं झालं. जपानात यकृताच्या शस्त्रक्रियेनंतर पहिली शौच लवकर झाली. मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर मात्र तितका स्पष्ट फरक दिसला नाही.

काकांना पाठवू नकोस. हे सोनामुखीसारखं रेचक नाही, आणि दिवसाच्या १५ ग्रॅममध्ये १० ग्रॅम माल्टोज असतं. त्यांच्या डॉक्टरांना आधी बद्धकोष्ठतेचं कारण शोधू दे.

बाबांना कोरडा खोकला, धाप किंवा ताप आला, तर पुडी थांबवून लगेच हॉस्पिटलला फोन कर. क्वचित फुप्फुसांना सूज येते. यकृताच्या तपासण्याही चुकवू नका.
– मीराताई

मीराताई,
काकांचं पार्सल रद्द. बाबांना आज सकाळपासून थोडा खोकला आहे, ताप नाही. लगेच फोन करते.
– नेहा