मदत हवी आहे: फायनल फॅन्टसी ३ या व्हिडिओ गेममध्ये गरुड नावाच्या बलाढ्य शत्रूपुढे टिकत नाही

१९९० ची मूळ फॅमिकॉम (निन्टेन्डोचा जुना गेम कन्सोल) आवृत्ती खेळतोय. गेममधल्या सारोनियात गरुड एका विजेच्या झटक्यात माझ्या चारही पात्रांना आडवं करतो. पार्टीत (चौघांच्या चमूत) सध्या हे जॉब, म्हणजे भूमिका, आहेत: नाइट, वायकिंग, व्हाइट मेज (बरं करणारा जादूगार), ब्लॅक मेज (हल्ला करणारा जादूगार). ड्रॅगून या जॉबच्या उडीच्या हल्ल्यात माणूस हवेत असतो, म्हणून वीज लागत नाही, हे कळतं. पण चौघांनाही ड्रॅगून केलं तर बरं कोण करणार? की एक व्हाइट मेज ठेवून तीन ड्रॅगून पुरतात?

त्यात जॉब बदलायला कपॅसिटी पॉइंट (लढायांतून मिळणारे गुण) लागतात, आणि मी ते हौसेखातर उधळून बसलोय (हो, माझीच चूक). आधी बुटकं होऊन शिरायच्या गुहांसाठी सगळ्यांना जादूगार केलं होतं, तेव्हा निभावलं. इथे लेव्हल वाढवत बसू की जॉबच बदलू? मूळ आवृत्तीवर हा टप्पा पार केलेल्यांनी कृपया सांगा.